जुन्या टॉकीजचा एक खेळ: दुरुस्तीच्या नोंदी

परभणी जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. इमारत निजामाच्या राज्यातली, 1940 च्या दशकातली. काळ्या दगडाच्या भिंती, चुन्याचे दर्जे (दगडांमधले सांधे), वर लोखंडी कैच्या (छत पेलणारे त्रिकोणी सांगाडे) आणि पत्रा. केबिनमध्ये 35 मिलिमीटरच्या देशी बनावटीच्या दोन मशिनी. फिल्मच्या पट्टीवरचे सिनेमे यायचे थांबले तेव्हापासून कुलूप. काम एवढंच: एका संध्याकाळी, त्याच मशिनींवर, त्याच पडद्याच्या जागी एक पुरा खेळ लावायचा.

सुरुवातीलाच एक नियम ठरला. प्रेक्षकाला जे दिसतं आणि ऐकू येतं ते जुनं ठेवायचं. ज्यानं माणसाचा जीव जाऊ शकतो ते सगळं नवं. शोभेपुरतं काहीच ठेवायचं नाही. काचेच्या पेटीत ठेवलेलं प्रोजेक्टर म्हणजे पुसलेलं भंगार.

19 मे 2024 – भिंती

नैऋत्य कोपऱ्यात पायापासून खिडकीच्या चौकटीपर्यंत तिरकी भेग. रुंदी खाली 3 मिमी, वर 11 मिमी. वर रुंद आणि खाली निमुळती, म्हणजे कोपरा खचून बाहेर कलतोय. कारण शोधायला लांब जावं लागलं नाही. पाया काळ्या मातीत, आणि छपराची पन्हाळ नेमकी त्याच कोपऱ्यात सांडते. पावसाळ्यात माती फुगते, उन्हाळ्यात आकसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. भिंत दरसाल वरखाली होते.

भेगेवर तीन ठिकाणी काचेच्या पट्ट्या प्लास्टर ऑफ पॅरिसनं चिकटवल्या, प्रत्येकीवर तारीख. पट्टी तडकली तर हालचाल चालू आहे. निकाल पावसाळा संपल्यावरच कळेल. मे महिन्यात भेग बुजवण्यात अर्थ नाही: आता ती सर्वात रुंद आहे, जुलैत मिटायला लागली की आत भरलेला माल भिंतीला आतून रेटतो.

पाऊस लागायच्या आत करायचं ते एकच. पन्हाळीचं पाणी पाइपानं 6 मीटर लांब नेणं, आणि भिंतीलगत दीड मीटर रुंदीत माती काढून मुरूम ठोकणं. वर शहाबादी फरशी, बाहेरच्या बाजूला 30 ला 1 असा उतार.

26 मे – वायरिंग आणि अर्थिंग

लाकडी पट्टीतलं जुनं वायरिंग. बोटानं दाबलं की रबराचा भुगा होतो. सगळं काढलं, एक फूटही ठेवलं नाही. नवीन एफआरएलएस (सहज न पेटणारी, कमी धुराची) वायर लोखंडी पाइपातून. केबिनची लाइन वेगळी, हॉलची वेगळी, बाहेर जाण्याच्या दारांवरचे दिवे बॅटरीवर. जुने चिनीमातीचे स्विच दर्शनी भिंतीवर राहिले, पण त्यांच्यातून आता फक्त 12 व्होल्टचा इशारा जातो. खरा भार मागच्या कॉन्टॅक्टरवर, म्हणजे इशाऱ्यानं चालणाऱ्या मोठ्या स्विचवर.

अर्थिंगचे दोन खड्डे. मोजणी मुद्दाम आत्ता, मे अखेरीला घेतली. काळ्या मातीत पावसाळ्यात रीडिंग सुरेख येतं आणि सगळ्यांना बरं वाटतं. उन्हाळ्यात माती सळईपासून सुटते आणि तोच खड्डा निकामी होतो. भोवती बेंटोनाइट भरून, पाणी घालून 2.8 ओहम आलं (आकडा कमी तितकं चांगलं). पाण्यासाठी तोंड उघडं ठेवून वर झाकण बसवलंय.

6 ऑक्टोबर – चुना

काचेच्या तीन पट्ट्यांपैकी वरची तडकली, तीही जूनमध्येच, म्हणजे फरशी पूर्ण व्हायच्या आधी. त्यानंतर लावलेली शाबूत. आता शिवण घालता येईल: दर चौथ्या थरात 8 मिमीची स्टेनलेस सळई, भेगेच्या दोन्ही बाजूंना 450 मिमी, चुन्याच्या पातळ मालात.

आतल्या भिंतीचा खालचा एक मीटर नंतर कधीतरी सिमेंटनं गिलावा केलेला. त्याच्या वरच्या काठालाच रंग पोपडे धरून सुटलेला आणि पांढरा खार. दगड-चुन्याची भिंत ओल आत घेते आणि बाहेर सोडते. सिमेंटनं खालची वाट बंद केली की ओल वर चढते, म्हणून खार नेहमी सिमेंटच्या वरच्या काठावर दिसतो. सगळं सिमेंट छिन्नीनं काढलं. ब्रेकर लावायचा नाही, दर्जे हलतात.

माल: विरवलेला चुना 1, सुर्खी (विटांचा भुगा) 1, वाळू 2. चुना तीन आठवडे पाण्याखाली ठेवलेला. न विरलेला खडा गिलाव्यात राहिला तर महिन्यांनी फुटून पुळी येते. पाण्यात गूळ आणि बेलफळाचा चीक. थर 10 ते 12 मिमी, त्याहून जाड नाही. गोणपाट लावून दहा दिवस ओला ठेवला. ऑक्टोबरचं ऊन गिलाव्याला मे महिन्याइतकंच वाईट, हे मिस्त्री लोकांना सांगावं लागत नाही. घाई असते ती मालकांना.

डाव्या बाजूच्या दारावरचा डिस्टेंपर खरवडताना खाली तेलरंगातली अक्षरं निघाली: उर्दूत आणि मराठीत ‘जनाना’. बायकांचं दार आणि बसायची जागा वेगळी असायची, त्या वेळची पाटी. अक्षरांभोवती चार बोटं जागा सोडून रंग थांबवला. वर वॉर्निश नाही. ते पिवळं पडतं.

3 नोव्हेंबर – खुर्च्या आणि छत

छतातल्या फटींत कबुतरं. विष्ठा कोरडी झाडायची नाही. आधी पाणी फवारायचं, मास्क लावायचा, ओली खरवडून पोत्यात भरायची. कोरडी धूळ फुप्फुसात गेली की आजार होतो, शिवाय तीच धूळ नंतर केबिनमध्ये उतरून पट्टीवर ओरखडे काढते. फटींना अर्ध्या इंचाची जाळी.

ओतीव लोखंडाच्या पायांच्या, सागवानी पाठीच्या खुर्च्या. ढेकूण हा टॉकीजचा सर्वात जुना प्रेक्षक. तो फवाऱ्यानं जात नाही, कारण सांध्यात बसतो. खुर्च्या पूर्ण सुट्या केल्या, सांध्यांवर वाफेचं नळकांडं फिरवलं, दोन आठवड्यांनी पुन्हा, कारण पहिल्या वेळी राहिलेली अंडी तोवर फुटतात. मूळ 312 खुर्च्या होत्या. मधली वाट 1.2 मीटर आणि भिंतीकडेच्या वाटा मोकळ्या केल्यावर 244 बसल्या. कमी झालेल्या 68 खुर्च्यांवर बरीच चर्चा झाली. वाट अरुंद ठेवून जुनेपणा राखायचा नाही, हा नियमच होता.

परवानगीचे अर्ज याच आठवड्यात दिले. इथं चित्रपटगृहाचा परवाना जिल्हाधिकारी कार्यालयाकडे. सोबत विद्युत निरीक्षकाचा दाखला, अग्निशमनाचं ना-हरकत, इमारतीच्या मजबुतीचा अभियंत्याचा दाखला. एका खेळासाठीही हे सगळं लागतं. खेळाच्या तारखेपासून उलटं मोजून तीन महिने हातात ठेवावेत.

17 नोव्हेंबर – केबिन

केबिनच्या भिंती हॉलच्या भिंतींपेक्षा जाड, दार लोखंडी, आणि प्रोजेक्शनच्या प्रत्येक खिडकीवर लोखंडी झडप. ही सगळी नायट्रेट पट्टीची देणगी. 1950 च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत नायट्रेट वापरात होती. ती पेटली की स्वतःच प्राणवायू तयार करते, पाण्यात बुडवली तरी जळत राहते. म्हणून झडपा एका साखळीला टांगलेल्या आणि साखळीत मशीनच्या डोक्यावर एक वितळणारी कडी. आग लागली की कडी वितळते, झडपा आपोआप पडतात, हॉल वाचतो.

इथं कडी होती, पण कुणीतरी तिच्यावरून तांब्याची तार गुंडाळलेली. झडप सारखी पडून खेळ बंद होऊ नये म्हणून केलेला जुगाड. म्हणजे सुरक्षेची साखळी कायमची बांधून टाकलेली. तार काढली, 70 अंशाला वितळणारी नवी कडी घातली, झडपांच्या खोबणी घासून ग्राफाइट लावलं. चाचणी: दोरी सोडली, पाचही झडपा एका दमात खाली.

नायट्रेट आता लावायचीच नाही, तरी झडपा चालत्या असाव्यात.

24 नोव्हेंबर ते 1 डिसेंबर – मशीन

दोन्ही मशिनींचं जुनं तेल गोठून डांबर झालेलं. अशी मशीन बंद पडून असेल तर मोटर लावून बघायचा मोह टाळायचा. हातचाकानं फिरत नसेल तर जोर करायचा नाही. पट्टी एकेक चित्र सरकवणाऱ्या स्टार व्हीलचा तुकडा उडाला तर तो भाग आता बाजारात नाही, दुसऱ्या मशीनचं भंगार शोधावं लागतं. रॉकेल भरून दोन दिवस ठेवलं, काढलं, पुन्हा भरलं. मग हातचाक बोटानं फिरलं. नंतर पातळ मशीन ऑईल काचेच्या खुणेपर्यंत. खुणेच्या वर भरलं तर तेल दांड्यावरून बाहेर येऊन गेटमध्ये (पट्टीवर उजेड पडतो ती चौकट), आणि तिथून पट्टीवर.

या यंत्राचं सगळं मर्म स्टार व्हीलमध्ये. चार खाचांचं चाक, पिन एक फेरा मारते तेव्हा ते पाव फेरा सरकतं आणि थांबतं. खालचा स्प्रॉकेट, म्हणजे पट्टी ओढणारा रूळ, 16 दातांचा. पाव फेरा म्हणजे चार दात, चार दात म्हणजे एक चित्र. सेकंदाला 24 वेळा पट्टी थांबते, आणि थांबलेली असतानाच उजेड जातो. सरकताना शटर आड येतं. दोन पात्यांचं शटर प्रत्येक चित्र दोनदा दाखवतं, म्हणून लुकलुक सेकंदाला 48. डोळ्याला ती फारशी जाणवत नाही.

मशीन 1: शटर थोडं उशिरा मिटत होतं. पांढऱ्या नामावलीला शेपट्या फुटलेल्या दिसतात, काळ्या पडद्यावर प्रत्येक अक्षराच्या वर धुरकट ओघळ. शटरचा कपलिंग स्क्रू सैल करून चाचणी पट्टीवर थोडं थोडं पुढं घेतलं. ओघळ आखडला, नाहीसा झाला, मग अक्षराच्या खाली यायला लागला. दोन्हींच्या मध्ये आवळलं.

मशीन 2: चित्र उभं थरथरतं. स्प्रॉकेटचे दात एका बाजूनं घासून आकड्यासारखे वाकडे झालेले. स्प्रॉकेट उलटा बसवला, न घासलेली बाजू कामाला आली. गेटच्या पट्ट्यांवर जुन्या पट्टीच्या इमल्शनची (चित्राच्या थराची) पापडी चढलेली. ती बांबूच्या कामटीनं काढायची. स्क्रूड्रायव्हर लावला की चर पडतो, आणि तो चर पुढच्या प्रत्येक पट्टीवर रेघ काढतो.

8 डिसेंबर – उजेड

मूळ दिवाघरं कार्बनची. दोन कांड्यांमधला विजेचा लोळ, सुंदर पांढरा उजेड, पण कांड्या आता जुन्या साठ्यातूनच मिळतात, त्याही सर्दावलेल्या. मध्येच फुटतात आणि उजेड उडतो. शिवाय धूर. दिवाघराचा सांगाडा आणि धुराडं तेच ठेवून आत 1,000 वॉटचा झेनॉन दिवा बसवला. वापरणारे हळहळले, पण पडद्यावर फरक कळत नाही.

झेनॉन थंड असतानाही आत दाब असतो. चेहऱ्यावर जाळी, हातात जाड मोजे, काचेला बोट नाही. बोटाचा चिकटपणा तापला की तिथंच काच तडकते. प्रवाह 48 अँप, 21 व्होल्ट. जुन्या रेक्टिफायरचे (एसीचं डीसी करणारी पेटी) कपॅसिटर वाळलेले, त्यामुळे उजेडात सूक्ष्म थरथर आणि बल्बचं आयुष्य अर्ध्यावर. सगळे बदलले. धुराड्याचा पंखा चालू असल्याशिवाय दिवा लागणारच नाही असा वाऱ्यावर चालणारा स्विच जोडला.

22 डिसेंबर – आवाज

आवाज पट्टीच्या कडेला छापलेल्या रेघेत. एक्सायटर बल्ब, 10 व्होल्ट 5 अँप, त्याचा उजेड बारीक फटीतून रेघेवर, पलीकडे उजेडाची वीज करणारा फोटोसेल. बल्बला एसी दिला तर 100 हर्ट्झची गुणगुण. स्वतंत्र डीसी सप्लाय दिला. लाल एलईडी लावायचा सल्ला बऱ्याच जणांनी दिला. तो 2000 नंतरच्या निळसर रेघांसाठी. चांदीच्या जुन्या रेघेला बल्बच पुरेसा.

फट सरकलेली आहे का ते कानानंच ओळखता येतं. भोकांकडे सरकली तर 96 हर्ट्झचा घरघराट, सेकंदाला 24 चित्रं गुणिले चार भोकं. चित्राकडे सरकली तर 24 हर्ट्झची फटफट. मशीन 2 मध्ये घरघराट होता, गाइड रोलर अर्धा मिमी आत घेतल्यावर गेला.

आवाज चित्राच्या सुमारे 20 फ्रेम पुढं छापलेला असतो, कारण आवाज वाचणारं साउंड हेड गेटच्या खाली. खालचा लूप (पट्टीचा सैल सोडलेला फेरा) एक फ्रेम मोठा झाला की ओठ आणि शब्द सेकंदाच्या चोविसाव्या भागानं सरकतात. आणि आवाजाला पडद्यापासून मागच्या भिंतीपर्यंत 25 मीटर जायला जवळपास दोन फ्रेम लागतात. म्हणून लूप मधल्या रांगेत बसून जुळवला, केबिनमधल्या मॉनिटरवर नाही.

हॉल रिकामा असताना टाळी दोनदा ऐकू येते. मागच्या भिंतीवर 50 मिमी काचलोकर आणि वर कापड. कापड आधी बोरॅक्स 7, बोरिक ॲसिड 3 आणि पाणी 100 भाग या द्रावणात भिजवून वाळवलं. काडी लावून बघितलं: काळं पडतं, ज्योत धरत नाही. एकदा धुतलं की हा गुण जातो.

5 जानेवारी 2025 – पडदा आणि भिंग

जुन्या चौकटीत 5.25 मीटर रुंद चित्र. सिनेमा पन्नाशीतला कृष्णधवल, म्हणून 1.37 चं प्रमाण (रुंदी उंचीच्या 1.37 पट), उंची 3.83. हिशेब: गेटची रुंदी 20.96 मिमी गुणिले अंतर 25 मीटर, भागिले 5.25, म्हणजे 99.8. शंभर मिमीचं भिंग. जुन्या पेटीत 90 आणि 100 दोन्ही होती. 90 लावलं तर चित्र चौकटीबाहेर अर्धा मीटर सांडतं आणि डोकी कापली जातात.

भोकाभोकांचा पांढरा पीव्हीसी पडदा, कारण आवाजाचा हॉर्न मागे आहे. उजेड मोजायला महाग मीटर नको. पट्टी न घालता, शटर चालू ठेवून, पडद्याच्या मधोमध साधा लक्स मीटर केबिनकडे तोंड करून धरायचा: साध्या पांढऱ्या पडद्याला 170 च्या आसपास हवा. इथं मध्ये 168 आणि कोपऱ्यात 118 आलं. आरसा दोन मिमी मागं घेतल्यावर 160 आणि 131. मध्ये थोडं गेलं तरी चालतं. काळे कोपरे डोळ्यात भरतात.

12 जानेवारी – प्रिंट

चित्रपटाचा कॉपीराइट प्रकाशनानंतर 60 वर्षांचा, त्यामुळे 1964 पर्यंतचे चित्रपट यंदा मुक्त. तरी सेन्सॉरचं प्रमाणपत्र लागतंच.

140 मिनिटं, मिनिटाला 90 फूट, म्हणजे 12,600 फूट. 2,000 फुटी सात स्पूल. डबा उघडल्यावर आधी वास: व्हिनेगरसारखा आंबट आला तर ॲसिटेट (पट्टीचं प्लास्टिक) सडायला लागलंय, तो डबा इतरांपासून लांब. इथं फक्त पाचव्या रिळाला किंचित वास. आकसण्याचं प्रमाण एक टक्क्याच्या आत, चालवता येईल.

प्रत्येक फूट बोटांतून गेला. मखमलीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल, पट्टी कडेनं धरून. फाटकी भोकं टेपनं, जुने सुटलेले जोड खरवडून पुन्हा फिल्म सिमेंटनं. जोड फ्रेमच्या रेघेवरच हवा, नाहीतर तिथून पुढं चित्र अर्धं वर अर्धं खाली, आणि हॉलमधून शिट्ट्या.

8 फेब्रुवारी – तालीम

चेंजओव्हर, म्हणजे स्पूल संपताना एका मशीनवरून दुसऱ्यावर जाणं. चित्राच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात पहिलं टिपकं, सात सेकंदांनी दुसरं. प्रत्येक चार फ्रेम, म्हणजे सेकंदाचा सहावा भाग. पापणी लवली की गेलं. केबिनमधल्या ऑपरेटर चाचांची रीत सोपी: “बेटा, पहिल्या टिपक्याला हात, दुसऱ्याला पाय.” हातानं मोटर, पायानं पेडल. मशीन 2 ची मोटर वेग धरायला एक सेकंद जास्त घेते, म्हणून तिच्यात लीडर (चित्राआधीची पट्टी) दीड फूट मागं लावायचा. दोन्ही टिपकी एकानंच बघायची. दोघांनी वाटून घेतलं की दोघंही चुकतात.

स्लाइड: सव्वातीन इंची काचा, मध्ये पारदर्शक पट्टीवर छपाई. गावातल्या दुकानांच्या जाहिराती, ‘कृपया शांतता राखा’, ‘मध्यंतर’. इंकजेटची शाई उष्णतेनं वितळते, लेझर टिकते. तरी वीस सेकंदांवर एक स्लाइड ठेवायची नाही.

15 फेब्रुवारी – खेळ

संध्याकाळी रब्बीचे पंप चालू झाले की गावात व्होल्टेज 190 पर्यंत उतरतं. केबिन सुरुवातीपासूनच 10 केव्हीएच्या जनरेटरवर. मध्येच बदललं तर झेनॉन विझतो.

6:00 – बाहेरच्या भोंग्यावर गाणी. बाकडी, शेंगदाणे, भजी, सोडा दाराबाहेरच. कागदी पुड्या, प्लास्टिकची कुरकुरीत पाकिटं नाहीत. कुरकुरीचा आवाज संवादावर येतो. 6:40 – तिकीट फाडणं, अर्धुक प्रेक्षकाकडे. 6:50 – पहिली घंटा, स्लाइड. 7:00 – दुसरी घंटा, दिवे एकदम नाही, तीन टप्प्यांत. जनान्याच्या दारानं आलेल्या म्हाताऱ्या बायका सवयीनं डावीकडच्याच रांगांत बसल्या. तिकिटावर नंबर होते, कुणी उठवलं नाही.

244 माणसं बसल्यावर आवाज बदलला, कपडे आणि अंगं वरच्या पट्ट्या शोषून घेतात. तालमीपेक्षा ट्रेबल दोन काटे वर. चौथ्या स्पूलला मशीन 2 वर गुणगुण वाढत गेली. एक्सायटर बल्बची तार लोंबली होती. पाचवा स्पूल मशीन 1 वर असल्यानं वीस मिनिटं हातात होती. सुटा बल्ब लावून तीन मिनिटांत काम झालं. आधीच फोकस जुळवलेल्या बैठकीचे दोन बल्ब मशीनजवळ ठेवण्याचा फायदा हाच. पाच चेंजओव्हर, सहावा मध्यंतरात मोडला. तिसऱ्याला अर्धा सेकंद काळं गेलं, त्यावर मागून एक शिट्टी आलीच.

16 फेब्रुवारी – नंतर

दिवा विझल्यावर पंखा पंधरा मिनिटं चालू ठेवला. पट्टी रीवाइंड न करता शेपूट वर ठेवून, सैल-घट्ट न होता एकसारखी गुंडाळून डब्यात. पाचवं रीळ वेगळ्या हवेशीर डब्यात. सातव्या स्पूलच्या सुरुवातीच्या 40 फुटांत नवी भोकं ताणलेली दिसली: टेक-अपचा (पट्टी गुंडाळून घेणाऱ्या स्पूलचा) चामडी क्लच जास्त घट्ट, स्पूल रिकामा असतो तेव्हा ओढ सर्वात जास्त. चामडं बदलायचं, तेल लावायचं नाही. तेलानं आधी घसरतो, मग झटके देतो.

मागवायचं: एक्सायटर बल्ब सहा, चामडी चकत्या दोन, 16 दाती स्प्रॉकेट मिळाला तर एक. मशीन 2 चा उलटवलेला आहे, त्याला आता तिसरी बाजू नाही.